सुताराच्या घरची शेगडी

मित्रांनो, शेगडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर येईल. मी ती नव्हे. माझ्यावर आजवर कोणी वाटीभर दूधसुद्धा तापवलेलं नाही. थंड मुलखातल्या एका घरात, बैठकीच्या खोलीचा कोपरा धरून बसलेली, घर ऊबदार ठेवणारी मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. मला चार आखूड पाय आहेत. पुढे दार, दाराला तळहाताएवढी काच आणि दाराखाली एक सरकती पट्टी. त्या पट्टीला हवेची झडप म्हणतात. ते माझं नाक. डोक्यातून एक नळ निघतो आणि छपरातून बाहेर जातो, ते माझं धुराडं. पोटात लाकूड जळतं, नाकातून हवा आत येते, धुराड्यातून धूर वर जातो. माझी सगळी विद्या एवढीच. पण एवढीशी विद्यासुद्धा नीट समजून घेतली नाही, तर एका घरात काय होऊन बसतं आणि ते कसं निस्तरावं लागतं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. त्याआधी मी एकटी नव्हते. मीच मोडकं फाटक होते, गिरणीचं दातेरी चाक होते, एका बाकाचे गंजलेले पाय होते. सगळ्यांना एका भट्टीत वितळवलं आणि दमट वाळूच्या साच्यात ओतलं. साचा फोडल्यावर ओताऱ्याला दिसलं की माझ्या मागच्या डाव्या पायात हवेचा बुडबुडा राहिलाय आणि पाय थोडा आखूड झालाय. शेजारचा कारागीर म्हणाला, "हिला परत वितळवू या." ओताऱ्याने मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "राहू दे. थोडी लंगडेल. घर तापवायला काही नाचावं लागत नाही."

अशी मी एका तरुण सुताराच्या घरी आले. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. माझा पाय आखूड आहे हे पाहताच त्याने लाकडाची एक चकती तासली, पायाखाली सरकवली, माझ्या डोक्यावर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मधोमध आलाय का ते पाहिलं आणि मला म्हणाला, "आता हललीस तर बघ." सगळी वस्ती त्याला मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते.

ते माझे कौतुकाचे दिवस. वादळात पडलेलं एक जुनं झाड मिस्त्रींनी तोडून, फोडून, दोन उन्हाळे वाळवून ठेवलं होतं. ते लाकूड माझ्या पोटात पडलं की स्वच्छ पिवळा जाळ व्हायचा. मिस्त्रींची बायको मला रोज झाडायची, राख काढायची, हिवाळ्याआधी धुराड्यात लांब काठीचा ब्रश घालायची. तिच्या तोंडावर काजळी उडायची आणि मिस्त्री म्हणायचे, "आज कोण पाहुणी आलीय आपल्याकडे?" त्यांच्या मुलाने माझ्यापुढे बसून पाढे पाठ केले. पावसाने भिजलेले मोजे माझ्या दांडीवर वाळले. घरात येणारा माणूस आधी माझ्याकडे हात पसरायचा, मग यजमानांकडे बघायचा. मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करते.

वर्षं गेली. मुलगा मोठा झाला, लांबच्या पल्ल्याची बस चालवू लागला. घरात सून आली, ती कपडे शिवायची. मग नात झाली. पण मिस्त्रींची बायको तेव्हा राहिली नव्हती. तिच्यानंतर धुराड्यात ब्रश घालावा हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. ब्रशसुद्धा कुठेतरी जिन्याखाली गेला.

आता मिस्त्रींची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. मिस्त्री लाकडाचा तुकडा कधी टाकून देत नसत. चांगला, कोरडा, गाठ नसलेला तुकडा दिसला की म्हणायचे, "असू दे, कामाला येईल." आणि तो पोटमाळ्यावर जायचा. चाळीस वर्षं असे तुकडे वर जात होते. खाली एकही आला नाही. उरलेलं सगळं माझ्या पोटात. प्लायवूडचे कोपरे, सरसाने चिकटवलेल्या फळ्या, पॉलिश केलेल्या जुन्या कपाटाची दारं, रंगवलेल्या खिडक्या. ते पुरेनासं झालं की मागच्या टेकडीवरची कोवळी झाडं तोडून आणायची, सालीतून अजून पाणी गळत असलेली. आणि ते लाकूड सकाळपर्यंत पुरावं म्हणून माझी झडप घट्ट बंद करायची. मिस्त्री अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे संध्याकाळी चार ओंडके टाकतो. सकाळपर्यंत धुमसत असतात. सुताराच्या घरी लाकडाचा एक कण वाया जात नाही."

मित्रांनो, कोणी तुमच्या तोंडात ओला कपडा कोंबावा आणि वर नाक दाबावं, तसं मला व्हायचं. जाळ होतच नसे. नुसता धूर. काही धूर धुराड्यातून जायचा आणि जाताना आत चिकट थर सोडायचा. थर वाढला तशी वाट अरुंद झाली, आणि मग धूर उलटा फिरून माझ्या दाराच्या फटीतून खोलीत येऊ लागला. थोडा थोडा. हळूहळू. कोणाच्या लक्षात येणार नाही असा.

आणि आमचंच घर असं नव्हतं. गल्लीतल्या बहुतेक घरांत माझ्यासारख्या शेगड्या होत्या आणि बहुतेक घरांत ओलं लाकूड धुमसत होतं. वारा पडलेल्या सकाळी सगळ्या धुराड्यांचा धूर वर जायचाच नाही. तो गल्लीवर राखाडी पांघरुणासारखा पसरायचा. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशी दोरीवरची पांढरी चादर काढायच्या आणि तिच्यावर काळे ठिपके बघून ज्याला त्याला बोल लावायच्या. टेकडी दर वर्षी थोडी उघडी पडत होती. तिच्या पायथ्याचा झरा उन्हाळा लागायच्या आधीच आटू लागला होता. पण थंडीत माणसं आपल्या खोलीपुरती बघतात. दार लावून घेतलं की टेकडी दिसत नाही.

मिस्त्रींच्या नातीला घरात भिंगरी म्हणत. वय वर्षं पाच. स्वतःभोवती गरगर फिरायचं, धपकन पडायचं आणि छप्पर फिरतंय का ते पडल्या पडल्या बघायचं, हा तिचा मुख्य उद्योग. त्या हिवाळ्यात मात्र दोन गिरक्या झाल्या की ती थांबायची, खाली बसायची आणि खोकायची. खोकला थांबला तरी छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत राहायचा. सूनबाई शिलाईचं मशीन थांबवून तो आवाज ऐकायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, मला वाटतं हिला शेगडीचा धूर बाधतोय."

"धूर कुठाय? मला तर दिसत नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुमचा चष्मा द्या बरं जरा." तिने चष्मा घेतला, पांढऱ्या कापडाच्या तुकड्याने पुसला आणि कापड त्यांच्यापुढे धरलं. ते काळं झालं होतं.

मिस्त्रींनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, तुझा नवरा याच शेगडीपुढे लहानाचा मोठा झाला. साधा शिंकला नाही कधी."

"तेव्हा सासूबाई होत्या," सूनबाई म्हणाली आणि परत मशीनकडे वळली.

शेवटी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या घरीच आल्या. त्यांनी भिंगरीची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, मग नाक वर करून खोलीचा वास घेतला. "घरात काय जाळता?"

"लाकूड," मिस्त्री म्हणाले. "सुताराचं घर आहे. भलतंसलतं काही नाही."

"आजोबा, हिच्या श्वासनळ्या सुजल्यात. हिला धुरापासून लांब ठेवा. इथे जमत नसेल, तर हिवाळा संपेपर्यंत दुसरीकडे पाठवा. औषध देते, पण धुरात बसून औषध घेणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं."

दुसरीकडे म्हणजे भिंगरीच्या सख्ख्या मावशीकडे. मावशी समुद्राकाठी राहायची, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथे थंडी नव्हती. भिंगरीने आईला विचारलं, "आजोबा येणार मावशीकडे?"

"नाही गं. आजोबांचं काम आहे इथे."

"आणि तू?"

"मी सोडायला येईन. मग परत येईन. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

भिंगरीने बोटांवर चार मोजले. त्या दिवसापासून ती खोकायची बंद झाली. सूनबाईला वाटलं, औषध लागू पडलं. मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटले. पण मला माहीत होतं, मित्रांनो. खोकला आला की ती माझ्या मागच्या कोपऱ्यात, लाकडाच्या पेटीआड जायची आणि तोंडात उशीचं टोक घट्ट धरायची. तिचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज येऊ द्यायची नाही. मग डोळे पुसून बाहेर यायची आणि म्हणायची, "मी खोकले नाही." माझ्या पोटात त्या वेळी प्लायवूड धुमसत होतं. लोखंडाला बोलता येत नाही याचं दुःख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी सूनबाईने तिला तिथे पाहिलं. तिने मुलीला उचलून घेतलं, आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

मधले तीन दिवस त्यांनी मला पेटवलंच नाही. खिडक्यांच्या फटींतून वारा असा आत येत होता की सूनबाईची बोटं सुईवर वळेनात. भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली. भिंगरी तीन स्वेटर घालूनही कुडकुडत होती आणि थंडीनेही तिला खोकला येतच होता. चौथ्या दिवशी मला पुन्हा पेटवलं. पेटवलं तर धूर, नाही पेटवलं तर गारठा.

मिस्त्रींचा राग मग माझ्यावर निघाला. त्यांनी भंगारवाल्याला सांगून टाकलं, "ही घेऊन जा. हिच्यामुळे माझी नात घराबाहेर चाललीय."

"आणि शेगडी गेल्यावर हिला ऊब कशाची देणार, बाबा?" सूनबाईने विचारलं. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. रविवारची बस ठरली होती. आधी वाटत होतं की भिंगरी तरी जाईल नाहीतर मी तरी. आता दोघी जाणार अशी चिन्हं दिसू लागली.

भंगारवाला म्हणाला होता, आधी धुराडं उतरवून ठेवा. म्हणून धुराडी साफ करणारी बाई आली. तिला सगळे काजळीबाई म्हणत आणि ती त्या नावाला ओ देत असे. तिच्या भुवया इतक्या काळ्या होत्या की मूळच्या कुठल्या आणि काजळीच्या कुठल्या हे कळत नव्हतं. तिने धुराड्याचा सांधा सोडवला, आत हात घातला, आणि कोपरापर्यंतही हात गेला नाही.

"मिस्त्री, हे शेवटचं कधी साफ केलंत?"

"बायको करायची."

"आणि त्या जाऊन किती वर्षं झाली?"

मिस्त्रींनी बोटांवर हिशेब केला. "नऊ."

काजळीबाईने आतून एक काळी चकचकीत ढलपी तोडून काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "ही काजळी नव्हे. हे डांबर झालंय. एखाद्या दिवशी यानेच पेट घेतला असता, मग छप्परच गेलं असतं तुमचं. तुमचं नशीब थोर."

"शेगडी जुनी झाली," मिस्त्री पुटपुटले. "तिच्यात आता दम राहिला नाही."

"शेगडीला काय धाड भरलीय? लोखंड आहे ते. तुम्ही तिला खायला काय घालता ते दाखवा."

तिने स्वतःच लाकडाची पेटी उघडली. टेकडीवरून आणलेले दोन तुकडे उचलले आणि मिस्त्रींपुढे धरले. "मिस्त्री, वाजवून बघा."

लाकूड वाजवून बघणं हे सुताराचं रोजचं काम. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. कोरडं असेल तर टण् वाजतं. ओलं असेल तर भद् होतं. मिस्त्रींनी आपटले. भद् झालं.

"या लाकडाचं दार कराल?"

"ओल्या लाकडाचं?" मिस्त्रींच्या आवाजात जरा अपमान होता. "महिन्याभरात पिळवटून जाईल. गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहून माझा उद्धार करेल."

"बरं. आणि याचा पाळणा कराल?" तिने प्लायवूडचा एक तुकडा काढला.

"छे. त्याच्या सरसाला काय उग्र दर्प येतो. असलं लाकूड लहान मुलाच्या नाकाशी कोण..."

ते तिथेच थांबले. हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला नाही, वर उचललाही नाही. शिलाईचं मशीन थांबलेलं होतं. भिंगरी बॅगेवर बसून सगळ्यांकडे बघत होती.

काजळीबाईने आवाज खाली आणला. "गिऱ्हाइकाच्या दारासाठी जेवढं बघता, तेवढं हिच्यासाठी बघा. एवढंच म्हणते मी."

मग मिस्त्री म्हणाले, "भर हिवाळ्यात वाळलेलं लाकूड कुठून आणू, बाई? दोन उन्हाळे लागतात वाळवायला."

"वर आहे की," भिंगरी म्हणाली.

"कुठे वर?"

"पोटमाळ्यावर. ते सगळं टण् वाजतं. मी वाजवते ना रोज."

सूनबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. "बाबा, चाळीस वर्षं तुम्ही म्हणताय, कामाला येईल. आलं बघा."

त्याच दुपारी सूनबाई डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि पंधरा दिवसांची मुदत मागून आली. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी छाती ऐकते. फरक नसेल तर रडारड न करता पाठवायचं." तेवढ्यात भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मिस्त्री त्याला म्हणाले, "पंधरा दिवसांनी ये." त्याने विचारलं, "तेव्हा नक्की देणार?" मिस्त्री म्हणाले, "ते डॉक्टरीणबाईंना विचार."

पोटमाळ्यावरचे तुकडे खाली यायला दोन दिवस लागले. लाकूड जास्त होतं म्हणून नव्हे. मिस्त्री प्रत्येक तुकडा हातात घेऊन उभे राहायचे. "याचं छान स्टूल झालं असतं." "हा बघ, याच्या रेषा बघ कशा सरळ." भिंगरी टोपली घेऊन खाली उभी असायची. "द्या आजोबा, द्या. तो कामालाच चाललाय."

काजळीबाईने धुराडं खरवडून साफ करून परत जोडलं होतं, पण जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. "हे लाकूड सोन्यासारखं आहे, पण घराच्या फटी अशाच ठेवल्यात तर महिन्यात संपेल. तुम्ही गल्ली तापवताय, घर नाही. आधी ऊब अडवा."

पोटमाळ्यावर सहा लांबलचक फळ्या होत्या. आयुष्यात एकदा आपल्या मनासारखं मोठं कपाट करायचं म्हणून मिस्त्रींनी त्या तरुणपणी राखून ठेवल्या होत्या. ते कपाट कधी झालं नाही, कारण गिऱ्हाइकांची कपाटं संपली नाहीत. मिस्त्रींनी त्या फळ्यांवरून हात फिरवला आणि त्या खाली घेतल्या. जाळायला नव्हे. त्यांनी खिडक्यांना आतून दुसरी दारं बसवली. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे पट्ट्या मारल्या. सूनबाई शिवणाचा दोरा हातात लोंबता धरून भिंतीकडेने फिरायची. जिथे दोरा हलेल, तिथे वारा. जिथे वारा, तिथे मिस्त्री पट्टी ठोकायचे. सासरा आणि सून दिवसभर न भांडता एक काम करताहेत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. भांडण अगदीच झालं नाही असं नाही. सूनबाई म्हणाली, "इथे हलतोय." मिस्त्री म्हणाले, "तुझाच हात हलतोय." दोरा मिस्त्रींनी धरला. हललाच.

माझ्या मागच्या भिंतीत मात्र त्यांनी मनगटाएवढं एक भोक मुद्दाम ठेवलं, त्याला जाळी लावली. काजळीबाईने सांगितलं होतं, सगळंच कोंडू नका, शेगडीलाही हवा लागते आणि माणसांनाही.

पहिल्या संध्याकाळी कोरडे तुकडे माझ्या पोटात आले, झडप पूर्ण उघडली आणि काडी लागली. मित्रांनो, नऊ वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला. जाळ भर्रकन उठला, काच उजळली, धुराड्यातून धूर जवळजवळ दिसेनासा झाला. दोन तास मी तापले आणि विझले. तरी खोली पहाटेपर्यंत कोमट होती, कारण ऊब बाहेर जायला वाट नव्हती. चार तुकड्यांत जे झालं, त्याला आधी अर्धी पेटी लागायची.

सवय मात्र सहज जात नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा हात नकळत झडपेकडे गेला आणि त्यांनी ती बंद केली. खोलीत धुराचा वास आला. भिंगरी खोकली. मिस्त्रींनी झडप उघडली, उठून खिळा आणि हातोडी आणली आणि झडपेच्या खाचेत असा खिळा ठोकला की ती पुन्हा कधी पूर्ण बंद होऊच नये. म्हणाले, "माझ्या हाताचा भरवसा नाही."

सातव्या दिवशी आमचा धीर सुटत चालला. त्या सकाळी वारा पडला होता. आमच्या घरात मी थंडच होते, पण गल्लीतला धूर खाली उतरला आणि दार उघडताच आत आला. भिंगरीला परत ती शिट्टी सुरू झाली. सूनबाईने दाराशी बसलेल्या बॅगेकडे पाहिलं. मिस्त्रींनी टोपी घातली, दोन कोरडे तुकडे खिशात टाकले आणि काजळीबाईला घेऊन घराघरांत गेले. हे मला सूनबाईने लाँड्रीवाल्या मावशींशी केलेल्या गप्पांतून कळलं. मावशी सांगत होत्या, "मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, काल-परवापर्यंत माझ्या चादरींवर तुमच्याच धुराड्याची नक्षी पडत होती. आज मला शहाणपण शिकवायला आलात? तर म्हणतात कसे, म्हणूनच आलो. माझ्याइतका चुकलेला दुसरा कोण मिळणार तुम्हाला? आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?"

सगळ्यांनी ऐकलं नाही. काहींनी दार लावून घेतलं. पण अकरा घरांची धुराडी त्या आठवड्यात साफ झाली, रंगवलेलं लाकूड शेगड्यांतून बाहेर निघालं, आणि ज्यांच्याकडे कोरडं लाकूड नव्हतं त्यांना पोटमाळ्यावरच्या टोपल्या गेल्या. प्रत्येक टोपली जाताना मिस्त्री आत जाऊन बसायचे. बघवायचं नाही त्यांना.

पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छाती ऐकली. परत ऐकली. सूनबाई उभी होती, तिने मशीनची कड धरली होती. मिस्त्री रंध्याचं पातं पुसत होते, जे पुसायची काहीच गरज नव्हती. डॉक्टरीणबाई कानातून नळी काढत म्हणाल्या, "शिट्टी गेली. मावशीला कळवा, सुट्टीत येईल म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण आजोबा, एक लक्षात ठेवा. कितीही नीट पेटवलं तरी धूर तो धूरच. कडाक्याची थंडी असेल तेव्हाच हिला हात लावायचा. एरवी स्वेटर घालायचे."

मला त्यांचं बोलणं लागलं नाही. खरं होतं ते.

सूनबाईने बॅग उघडली आणि कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. मिस्त्रींनी भंगारवाल्याला गल्लीतच गाठून सांगितलं की आमच्याकडे काही नाही. तो म्हणाला, "मग शेगडीऐवजी नात दिली का?" मिस्त्री त्याच्या मागे रंधा घेऊन धावले, असं सांगतात. मी पाहिलं नाही.

त्याला तीन हिवाळे झाले. आता अंगणात छपराखाली लाकडाची रास असते, वारा खेळेल अशी रचलेली, वाळायला दोन उन्हाळे मिळालेली. गल्लीने ठरवलंय की टेकडीवरचं उभं झाड तोडायचं नाही, पडलेल्या फांद्या तेवढ्या आणायच्या. मिस्त्री आणि भिंगरी तिथे रोपं लावतात. झरा अजून पूर्वीसारखा झालेला नाही. झाडांना वेळ लागतो. पण मागच्या उन्हाळ्यात तो तीन आठवडे जास्त वाहिला, असं मी ऐकलं. वर्षातले जेमतेम तीस दिवस मी पेटते. बाकीचे दिवस थंडच असते आणि माझ्या डोक्यावर सूनबाई कापडाचे तागे ठेवते. बसवाला मुलगा म्हणतो, पुढेमागे उन्हावर चालणारं यंत्र बसवू, मग ही शेगडी नुसती शोभेची. बसवू दे. मी रिकामी असतानाही घर ऊबदार राहतं, याचं मला आधी वैषम्य वाटायचं. आता वाटत नाही.

आज सकाळची गोष्ट. बाहेर गारठा होता, पण गल्लीवर धूर नव्हता, पार टेकडीपर्यंत दिसत होतं. दार धाडकन उघडलं आणि भिंगरी आत आली. ती जोरजोरात धापा टाकत होती, एक हात कमरेवर, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सूनबाईची सुई जागच्या जागी थांबली. मिस्त्री उठून उभे राहिले.

"काय झालं गं?"

भिंगरीने हाताने थांबा अशी खूण केली. मग हसत म्हणाली, "टेकडीवरून शर्यत लावली होती. मी जिंकले."

मित्रांनो, तुमच्या घरात जे काही जळत असेल, त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो ते एकदा उठून बघा. माझ्यासारखीला स्वच्छ ठेवा, कोरडं खायला घाला, आणि गरज नसेल तेव्हा खुशाल विझवून टाका. लेकरांना धाप लागावी, ती अशी धावून लागावी.